बबल अल्गीसाठी एमराल्ड क्रॅब घेऊ का? झोअँथिड सेफ राहतील ना?

खारंपाणी_ठाणे
नमस्कार मंडळी. घरी २०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरलचा) आहे, कोरल म्हणजे झोअँथिड, मश्रूम आणि एक टोडस्टूल लेदर, मासे म्हणजे क्लाउनची जोडी आणि एक छोटा गोबी. रॉकच्या मागच्या बाजूला बबल अल्गीचे हिरवे चकचकीत फुगे आलेत, काचेच्या मण्यांसारखे, आणि ओव्हरफ्लोजवळ (टँकमधून पाणी बाहेर जातं तिथे) थोडी केसाळ शेवाळ पण आहे. दुकानदार म्हणतो २ एमराल्ड खेकडे आणि डझनभर हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) टाका, सगळं साफ होईल. पण खेकडे कोरल कुरतडतात असंही ऐकलंय म्हणून थांबलोय. नायट्रेट १५, फॉस्फेट ०.१५, सॅलिनिटी १.०२५. त्याच्याकडे सॅली लाइटफूट खेकडा पण आहे, दिसायला एकदम भारी, तो चालेल का?

रीफपुणेकर
फुगे म्हणजे व्हॅलोनिया, आणि एमराल्ड खरंच ते खातो, चिमट्याने पकडून फोडतो आणि आतलं खातो. त्यामुळे त्यासाठी घ्यायला हरकत नाही, पण एकच घ्या, २०० लिटरमध्ये दोन नर आले की मारामारी होते. आधी मोठे फुगे हाताने काढा, पाणी बदलताना सायफनचा पाइप अगदी जवळ धरायचा आणि फुगा मुळापासून सुटा करून पाइपमध्येच जाऊ द्यायचा, टँकमध्ये फुटायला नको. मग कोपऱ्यात उरलेले बारीक फुगे खेकड्याकडे सोपवा, तिथे आपली बोटं पोचतच नाहीत.

केसाळ शेवाळीचं वेगळं आहे. ती ०.१५ फॉस्फेटवर वाढतेय, तुम्ही कितीही खेकडे टाका, ते खातील, त्यांची विष्ठा टँकमध्येच पडेल आणि शेवाळ पुन्हा उगवेल. आरओ डीआय फिल्टरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) बघा, ० यायला हवा. फ्रोझन खाणं वितळलं की ते पाणी ओतून द्या, टँकमध्ये टाकू नका. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोखंडी दाणे) लावलं तर थोडं थोडं लावा, फॉस्फेट एकदम खाली आलं तर कोरल रुसतात. खरं काम हेच आहे, खेकडा नुसती मदत करतो.

सॅली लाइटफूट घेऊ नका, प्लीज. लहान असताना शेवाळ खातो, मोठा झाला की झोपलेला मासा पकडायला कमी करत नाही आणि तुमच्याकडे गोबी आहे.

जर्सीकर_आजोबा
एमराल्ड कॅरिबियनमधला, फ्लोरिडापासून ब्राझीलपर्यंत सापडतो, त्यामुळे आमच्याकडे अमेरिकेत सहज मिळतो, तिकडे भारतात लांबून येतो म्हणून आल्या आल्या थकलेला असतो. ड्रिप लावून तासभर तरी हळूहळू पाणी मिसळा, खेकड्याला सॅलिनिटीचा झटका अजिबात सोसत नाही. घेताना पोटाखाली बघा, मादीचं झाकण रुंद असतं, नराचं अरुंद टोकदार आणि चिमटे मोठे. मादी घ्या, सहसा शांत असते. चिमट्यांची टोकं चमच्यासारखी आहेत का ते पण पाहून घ्या, टोकदार सुरीसारखी असली तर तो एमराल्ड नाही, दुसराच कुठला तरी मांस खाणारा खेकडा दुकानदाराने दिलाय.

आणि एक सांगून ठेवतो, काही आठवड्यांनी रॉकवर मेलेला खेकडा दिसला तर घाबरून बाहेर काढू नका, कात टाकलेली असते. खरा खेकडा मऊ अंगाने कुठल्या तरी भोकात लपून बसतो. तेव्हा रॉक हलवायचे नाहीत. तांब्याचं औषध टँकमध्ये कधीच नको, माशांना द्यायचं असेल तर वेगळ्या टबात.

कोकणचा_हर्मिट
हर्मिट डझनभर कशाला? ४-५ ब्लू लेग किंवा स्कार्लेट पुष्कळ झाले, आणि सोबत वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख ठेवा. शंख नसले की ते गोगलगायी मारून त्यांचे शंख घेतात. रिकामा शंख हर्मिटपेक्षा थोडा मोठा हवा, तोंड गुळगुळीत हवं, रंग लावलेला नको.

सुट्टीत मालवण रत्नागिरीला गेल्यावर किनाऱ्यावरचे हर्मिट उचलून आणायचा मोह होतो पण आणू नका, नक्की कुठली जात आहे कळत नाही, कुठले किडे सोबत येतील सांगता येत नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोरल लागलेला दगड तर मुळीच नको, दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तुरुंगवास होऊ शकतो.

खारंपाणी_ठाणे
खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे. म्हणजे एक एमराल्ड मादी, ४ हर्मिट, सॅलीला टाटा. एकच शंका, फुगे संपल्यावर ती झोअँथिडकडे वळली तर?

रीफपुणेकर
वळते ती भुकेने. आठवड्यातून दोनदा नोरीचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळीचा) बोटभर तुकडा, बिनमसाल्याची साधी नोरी, रात्री लाइट बंद झाल्यावर दगडाखाली अडकवून ठेवा, ती रात्रीच फिरते. सकाळी उरलेली काढून टाका नाहीतर फॉस्फेट पुन्हा चढेल. तरीही झोअँथिड फाटलेले दिसायला लागले तर रात्री लाल टॉर्च लावून बघा, ती खरंच खातेय की तिथे नुसती चिकटलेली शेवाळ वेचतेय, बऱ्याचदा दुसरंच असतं. खातच असेल तर पकडून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) सोडा, तिथे ती मजेत राहील.