विंडोज १० वरून ११ वर: घरच्या कॉम्प्युटरचे अनुभव, नागपूर

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आपल्याकडे घरोघरी जे पीसी आहेत ते बरेचसे बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) असेंबल करून आणलेले. कुणाचा प्रोसेसर इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय-३, कुणाचा दहाव्याचा आय-५. ज्यांचा या कामात हात बसलेला आहे त्यांनी काय करायचं, कुठे अडतं आणि का अडतं एवढंच लिहावं. ‘माझं तर एका झटक्यात झालं’ याचा पुढच्याला काही उपयोग नाही. खालची शीर्षकं म्हणजे लिहिणाऱ्यांचे नागपुरातले भाग.

सीताबर्डी, असेंबलिंगचं काम

पहिल्यांदा प्रोसेसर बघा, बाकीचं नंतर. इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनपासून पुढे आणि एएमडीत रायझन २००० मालिकेपासून पुढे ११ अधिकृतपणे चालतं. रॅम किमान ४ जीबी आणि डिस्क ६४ जीबी असं कागदावर आहे. प्रत्यक्षात ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर या भानगडीत पडूच नका.

प्रोसेसर पात्र असूनही ‘टीपीएम सापडला नाही’ (टीपीएम म्हणजे ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) असं दिसलं तर नवीन मदरबोर्ड घ्यायला धावू नका. चिप प्रोसेसरमध्येच असते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. चालू करून विंडोजमध्ये ‘टीपीएम.एमएससी’ उघडा, आवृत्ती २.० दिसली पाहिजे.

खरी गोची पुढे आहे. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’पुढे ‘लेगसी’ (जुनी पद्धत) लिहिलेलं असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे. ती जीपीटी या नव्या मांडणीची केल्याशिवाय सिक्युअर बूट (११ ची आणखी एक सुरक्षेची अट) चालू होत नाही. विंडोजमध्येच त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाची सोय आहे. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ‘व्हॅलिडेट’ आणि ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’, दोन्ही वेळा ‘अलाऊफुलओएस’ जोडून. आपल्याकडच्या मशीनवर व्हॅलिडेटच नापास होतं, कारण दुकानात सी, डी, ई, एफ असे चार-चार ड्राइव्ह पाडून देतात आणि डी पासून पुढचे सगळे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत असतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हिरव्या चौकटीतले ते हेच. प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन आणि एक्स्टेंडेड एकही नाही, अशी या सोयीची अट आहे. म्हणून डी-ई-एफ मधला सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढायचा, ती पार्टिशनं उडवायची, कन्व्हर्ट करायचं आणि मग मोकळ्या जागेत नवीन पाडायची.

कन्व्हर्ट झालं की रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जायचं, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद, यूईएफआय (नवी पद्धत) चालू. हे राहिलं तर मशीन बूटच होणार नाही. आणि २०१२ च्या आसपासचं किंवा त्याआधीचं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी राहू शकते, कारण त्या कार्डाला यूईएफआय कळत नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढा आणि केबल बोर्डाला लावा.

मनीषनगर

वरच्याला जोड. पाच-सहा वर्षांच्या मशीनवर बायोसला हात लावायच्या आधी बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल मेलेला असेल तर लाइट गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातं. जुन्या बोर्डावर मूळ सेटिंग लेगसी असेल तर जीपीटी केलेली डिस्क त्याला दिसत नाही आणि लोक समजतात हार्ड डिस्क उडाली. डिस्क ठणठणीत असते. तारीख मागे गेल्यामुळे अपडेट आणि बँकेच्या साइट्स प्रमाणपत्राची चूक दाखवतात, तेही याच सेलमुळे.

दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी हे काम काढू नका. अपग्रेड चालू असताना प्रोसेसर बराच वेळ जोर लावून राहतो. हीटसिंकमध्ये धूळ आणि थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असेल तर मशीन तापून मध्येच बंद पडतं. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरते, लोणी लावल्यासारखी थापू नका. कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका बाप्पा, गार हवेसोबत ओलावाही आत जातो आणि धुळीचा चिखल होतो.

लाइटचं म्हणाल तर घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं निघतो, तेही बॅटरी धड असेल तर. अपग्रेडला एसएसडीवर तासभर, जुन्या फिरत्या डिस्कवर तीन तासही लागतात. पीसी इन्व्हर्टरवर असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू होईपर्यंत पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.

इतवारी, हिशेबाचं काम

ज्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर टॅली आहे त्यांनी फॉरमॅट करायच्या आधी लायसन्स सरेंडर करायचं. टॅलीप्राइममध्ये एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. डेटा फोल्डर बहुधा सी ड्राइव्हमध्ये युझर्स, पब्लिकच्या आत असतो. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप कॉपी करून ‘बॅकअप झाला’ म्हणणाऱ्यांचा हिशेब इथेच जातो.

डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायचं) फॉरमॅटमुळे रिकामं होत नाही, सही टोकनच्या आतच असते. नवीन विंडोजवर फक्त त्याचा ड्रायव्हर टाकायचा. ड्रायव्हरसोबतच्या प्रोग्रॅममध्ये ‘इनिशिअलाइझ’ दिसेल, त्याला बोट लावू नका, सही पुसली जाते आणि नवी घ्यावी लागते.

कृतिदेव, श्रीलिपीत टाइप केलेली पत्रं असतील तर सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स इथून ते फॉन्ट वेगळे काढून ठेवा. फॉन्ट नसेल तर मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, फाइल खराब झालेली नसते. नव्या लेखनासाठी विंडोजचाच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, २०१९ पासून १० मध्येही होता.

महाल

आता राहिले सातव्या जनरेशनपर्यंतचे प्रोसेसर. रूफस या मोफत प्रोग्रॅमने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढायचा पर्याय येतो. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. चौथ्या जनरेशनवर एसएसडी आणि ८ जीबी असेल तर ११ बरं चालते. पण अशा मशीनला अपडेट येत राहतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दरवेळी पेनड्राइव्ह घेऊन बसा. कोअर टू ड्युओवर तर ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून उघडतच नाही, कारण लागणारी एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. तिथे धडपड करून काही होत नसते.

धरमपेठ

महालच्या म्हणण्याशी अर्धंच सहमत. ज्या मशीनवर बँक आणि आयकराचं काम होतं तिथे अट काढून बसवलेलं विंडोज नको. १० वरच राहून ईएसयूला (मुदतीनंतरच्या सुरक्षा अपडेट्सची योजना) नाव नोंदवा, सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आवृत्ती २२एच२ हवी, मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, सेटिंग्जचं बॅकअप सिंक चालू ठेवलं तर पैसे लागत नाहीत. एका खात्यावर १० मशीन चालतात. मुलांच्या अभ्यासाला आणि व्हिडिओ बघायला मशीन असेल तर सरळ लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाका. पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून बघता येतं, त्यात वायफाय आणि प्रिंटर चालतो का ते आधी तपासा. टॅलीसाठी मात्र मिंटचा नाद नको.

लॅपटॉपवाल्यांनी बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) थांबवावं. नाहीतर रीस्टार्टला ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. हे खातं कुणी उघडलं, घरातल्या कुठल्या नंबरवर, हे आधी शोधा. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेली खातीही सापडतात.

त्रिमूर्तीनगर, दुरुस्तीचं काम

अपग्रेड अर्ध्यावर जाऊन १० वर परत येत असेल आणि ‘०एक्ससी१९००१०१’ने सुरू होणारा आकडा दिसत असेल तर गडबड ड्रायव्हरची. प्रिंटर, वेबकॅम, डोंगल सगळं काढा, फक्त कीबोर्ड-माउस ठेवा, बाहेरचा अँटिव्हायरस पूर्ण अनइन्स्टॉल करा, नुसता बंद करून भागत नाही. ‘०एक्स८००७००७०’ म्हणजे जागा कमी, सी वर २५ जीबी मोकळी करा.

स्क्रीनवर टक्के हलत नाहीत म्हणून बटण दाबू नका. होऊन राहिलं असते. डिस्कचा दिवा लुकलुकतो तोवर हात बांधून बसा.

नव्या विंडोजवर नेट चालत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बाकीचे ड्रायव्हर त्यावरून उतरतात.

फॉरमॅट न करता अपग्रेड केलं असेल आणि काही बिनसलं तर दहा दिवसांपर्यंत सेटिंग्जमधून १० वर परत जाता येतं. हे दहा दिवस विंडोज.ओल्ड या जुनं विंडोज ठेवलेल्या फोल्डरवर अवलंबून आहेत, जागा खाते म्हणून पहिल्याच दिवशी डिस्क क्लीनअप चालवू नका. वर सांगितलेली टॅली, टोकन, प्रिंटर ही तीन कामं त्या दहा दिवसांत एकेकदा करून बघा.