मदत हवी आहे: आईच्या आतड्यातून रक्त जातंय, आधी पोट की आधी हृदयाची झडप?

नमस्कार मंडळी,

आई ७४ वर्षांची, आम्ही साताऱ्याचे. वर्षभर हिमोग्लोबिन उतरतंय. ६.२ वर आलं तेव्हा ॲडमिट करून रक्त चढवलं. पोटदुखी नाही, भूक बरी; फक्त जिना चढताना धाप आणि अधूनमधून शौचाला डांबरासारखं काळं, चिकट. आधी सगळ्यांनी त्याचं खापर लोहाच्या गोळ्यांवर फोडलं.

तोंडातून केलेली एंडोस्कोपी नॉर्मल. कोलोनोस्कोपीत सीकममध्ये, म्हणजे मोठं आतडं सुरू होतं तिथे, लालचुटुक, बारीक फांद्या फुटलेले ठिपके दिसले. अँजिओडिस्प्लेसिया, म्हणजे आतड्याच्या अस्तरातल्या फुगलेल्या, नाजूक रक्तवाहिन्या. दुर्बिणीतूनच आर्गॉन वायूच्या झोताने जाळले (एपीसी). तिथली भिंत पातळ असते म्हणून पॉवर कमी ठेवली होती. ना चिरा, ना टाका, दुसऱ्या दिवशी घरी. काही महिने छान गेले आणि आता हिमोग्लोबिन परत ७.८.

मग कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला दिली, तर लहान आतड्याच्या वरच्या भागातही तसेच ठिपके. आता डॉक्टर म्हणतात, बलून एंटेरोस्कोपी (लहान आतड्यात खोलवर जाणारी दुर्बीण) करून तेही जाळू, नाहीतर दर महिन्याला रक्तस्राव कमी करायला ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन. मांडीतून तार घालून रक्तवाहिनी बंद करतात त्याबद्दलही विचारलं. ते जोरात रक्त जात असेल आणि अँजिओग्राफीत जागा सापडली तरच, शिवाय तेवढ्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटायची भीती. हे पटलं.

खरा घोळ पुढे आहे. आईची महाधमनीची झडप बरीच अरुंद झाली आहे. हाइड नावाच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच लिहून ठेवलंय की ही झडप आणि आतड्यातला रक्तस्राव जोडीने आढळतात. अरुंद झडपेतून रक्त जोराने जाताना व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन) तुटतो, मग हे ठिपके वाहत राहतात. आमचे हार्टवाले म्हणतात आधी पोटाचं निस्तरा. पोटवाले म्हणतात झडप बदलल्याशिवाय हे थांबायचं नाही. फाइल घेऊन मधल्या मध्ये मी.

कुणाच्या घरी टावी (छाती न उघडता झडप बदलणं) झाल्यावर रक्त जायचं थांबलं का? नंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय केलं? आणि अशा हृदयाला एंटेरोस्कोपीची भूल झेपते का? पुणे-मुंबईचा अंदाजे खर्चही सांगा.

प्रतिसाद:
ताई, माझ्या सासऱ्यांचं अगदी हेच. टावीनंतर रक्त जाणं बरंच कमी झालं, पूर्ण थांबलं म्हणणार नाही. नंतर एकदा एपीसी लागलंच. गोळी एकच ठेवली होती, तीही हार्टच्या डॉक्टरांनी पोटाच्या डॉक्टरांना फोन करून ठरवली. तुम्ही स्वतःहून काही बंद करू नका. भुलीचं म्हणाल, तर भूलतज्ज्ञांना इकोचा रिपोर्ट आधीच दाखवा, हृदयाच्या पेशंटची सवय असलेले बघा. दोन्ही डॉक्टर एकाच हॉस्पिटलात असतील तिथे जा, आणि लोह शिरेतून देता येईल का तेही विचारा. खर्चाचं व्यनि (खासगी निरोप) करतो.