संध्याकाळी अँपमधून हमिंग: पॉवर कंडिशनर घ्यावा का?

खर्जाची_तार:
पुण्यातली जुनी सोसायटी. इंटिग्रेटेड अँप्लिफायर (अँप; आत टोरॉइडल म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर), डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स आणि बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल, सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आहे. संध्याकाळी सातनंतर अँपच्या डब्यातूनच घूं असा आवाज येतो. स्पीकरमधून मात्र दिवसभर बारीक हमिंग असतं आणि फ्रीज चालू-बंद झाला की 'टक्' होतं. ख्याल ऐकताना हे फार खुपतं. काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचा पंचम साधारण १०४ हर्ट्झवर, त्याला १०० हर्ट्झची गुणगुण चिकटली की सेकंदाला चारेक हेलकावे स्पष्ट कळतात. दुकानदार पॉवर कंडिशनर (वीज गाळून उपकरणांना देणारा डबा) घ्या म्हणतोय. उपयोग होईल का?

फेज_न्यूट्रल:
एवढ्यात काही घेऊ नका. तुम्ही सांगताय ते तीन वेगळे आजार आहेत, एका डब्याने तिन्ही बरे होणार नाहीत.

आधी स्पीकरमधलं हमिंग. अँप बंद करून इनपुटच्या सगळ्या आरसीए वायरी (आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या) काढा, मग अँप चालू करा. शांत झालं तर दोष जोडलेल्या उपकरणांत किंवा ग्राउंड लूपमध्ये (उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेली की बनणारं वेटोळं). मग एकेक वायर परत लावत जा, दर वेळी अँप बंद करून. सेट-टॉप बॉक्स लावल्यावर आवाज आला तर डिशकडून येणारी कोअॅक्स केबल काढून पाहा.

दुसरं, मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून त्याच बोर्डावर तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. सगळी उपकरणं लावलेली असू द्या. प्रोब धरताना बोटं धातूला लागू देऊ नका. आकडे इथे टाका.

खर्जाची_तार:
फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ १२१, न्यूट्रल-अर्थ १०७. सगळ्या वायरी काढल्यावर स्पीकर शांत. फक्त सेट-टॉप बॉक्स लावला की हमिंग परत. अँपच्या पत्र्याला उलटा हात लावला की झिणझिण्या येतात.

फेज_न्यूट्रल:
मग निदान झालंच. तुमच्या बोर्डाला अर्थिंग पोचतच नाहीये. उपकरणांच्या फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे वाय-कपॅसिटर असतात. अर्थ तुटली की त्यांच्या मधला बिंदू निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो, म्हणून तुमचे आकडे जवळपास निम्मे-निम्मे आलेत. पत्र्याची झिणझिण त्यामुळेच. तोच गळका करंट आरसीए वायरीच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो आणि हमिंग होतं. अर्थ नीट असेल तर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आसपास.

मेन बंद करून भिंतीतला सॉकेट उघडा. हिरवी वायर वरच्या मोठ्या पिनच्या टर्मिनलला घट्ट आहे का, ते बघा. एक्स्टेंशन बोर्ड दोनच तारांचा निघाला तर सरळ फेकून द्या. भिंतीत हिरवी वायरच नसेल तर मीटरपासून नवी ओढावी लागेल, ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. मीटर 'बरोबर' दाखवतं, हमिंगही जातं, पण कुठेतरी न्यूट्रल सुटली की अँपचा पत्रा थेट फेजवर येतो. असं कुणालाही करू देऊ नका. हमिंग घालवायला अर्थची पिन कापणं तितकंच जिवावर बेतणारं.

गोल_ट्रान्सफॉर्मर:
डब्यातल्या आवाजाचं बघू. टोरॉइडला हवेची फट नसते, त्यामुळे मेन्सवर (घरच्या वीजपुरवठ्यात) अर्धा-एक व्होल्ट डीसी (एकाच दिशेचा दाब) आला तरी गाभा एका बाजूला सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व पेलत नाही) आणि घुमतो. हा डीसी अर्ध्या लहरीवर चालणाऱ्या उपकरणांमुळे येतो. नेहमीचं उदाहरण 'लो'वर ठेवलेला हेअर ड्रायर, त्यात अनेकदा नुसता एक डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा) असतो. शेजारच्या घरातलं उपकरणही पुरतं, म्हणून संध्याकाळी जास्त. घरात ड्रायर असेल तर 'लो'वर लावून बघा, घूं वाढलं तर कारण हेच.

उपाय डीसी ब्लॉकर. १०,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, ऋण टोकं एकत्र जोडून सिरीजमध्ये. त्यांना समांतर ३५ अँपियरचा ब्रिज (चार डायोडांचा संच): त्याची धन-ऋण टोकं शॉर्ट, एसी टोकं कपॅसिटरच्या दोन बाहेरच्या टोकांना. दोन्ही दिशांना दोन-दोन डायोड येतात, म्हणून कपॅसिटरवर दीडेक व्होल्टच्या वर काही चढत नाही. स्विच-ऑनचा झटका ब्रिज झेलतो. हे सगळं फेजच्या तारेत, फ्यूजनंतर, अर्थ केलेल्या धातूच्या डब्यात. अर्थच्या तारेत काहीही घालायचं नाही. मेन्सवर काम करायची सवय नसेल तर तयार घ्या. दिवसाही घुमत असेल तर आधी ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट सैल आहे का तपासा.

साठ_ते_पन्नास:
फ्रीजची 'टक्' थर्मोस्टॅटच्या संपर्कावरच्या ठिणगीची. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा तयार स्नबर (ठिणगी दाबणारी जोडी) मिळतो, कपॅसिटर एक्स-टू वर्गाचा (मेन्सवर वापरायचा) हवा. मेकॅनिककडून संपर्काला समांतर लावून घ्या. शिवाय फ्रीज आणि अँप एकाच लाइनवर नकोत.

कंडिशनरमध्ये सहसा एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग), चोक (गोंगाट अडवणारी कॉइल) आणि कपॅसिटर असतात. व्होल्टेजच्या अचानक उसळ्यांसाठी आणि मेगाहर्ट्झमधल्या गोंगाटासाठी ते ठीक. ग्राउंड लूप आणि डीसीवर असल्या फिल्टरचा काडीचा उपयोग नाही. दुकानदार कमी व्होल्टेजचीही उगाच भीती घालतात. साध्या अँपला २३०ऐवजी २०० मिळाले तर कमाल पॉवर पाऊण होते, म्हणजे सव्वा डेसिबल कमी. नेहमीच्या आवाजात हा फरक कानाला येत नाही. दीड मीटरच्या महागड्या पॉवर केबलचंही तसंच: भिंतीत १५ मीटर अडीच चौरस मिलिमीटरची तार धरली तर जाऊन-येऊन ०.२२ ओहम, दोन अँपियरला अर्धा व्होल्ट पडतो. शेवटचा दीड मीटर त्यात काय बदलणार?

टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस असेल तर तिचा वेग वारंवारितेवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. ५०वरून ४९.९० हर्ट्झ झाले तर सूर साडेतीन सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) उतरतो. अमेरिकेहून आणलेल्या साठ हर्ट्झच्या टेबलाला नुसता स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लावाल तर तबकडी २७.८ फेऱ्यांवर रेंगाळेल. पन्नास हर्ट्झची पुलीच लागते.

खर्जाची_तार:
सॉकेट उघडला. हिरवी वायर टर्मिनलमधून निसटलेली होती. ती घट्ट केल्यावर फेज-अर्थ २२६, न्यूट्रल-अर्थ १.४, झिणझिण बंद. पण सेट-टॉप बॉक्सचं हमिंग थोडं उरलंय, डिशची केबल काढली की जातं.

फेज_न्यूट्रल:
गच्चीवरची डिश इमारतीच्या लोखंडाला टेकलेली असणार, तिथून दुसरी अर्थ येते. केबल टीव्हीचा कोअॅक्स आयसोलेटर (केबलमधून येणारी अर्थची जोडणी तोडणारा तुकडा) इथे लावू नका, डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातो आणि आयसोलेटर तो अडवतो, चित्रच जाईल. बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट असेल तर ते डीएसीला (डिजिटल सिग्नलचा अँपला चालणारा सिग्नल करणाऱ्या डब्याला) द्या, तुमच्या अँपला ऑप्टिकल इनपुट असेल तर थेट. बॉक्सला ऑप्टिकल आउटपुटच नसेल तर आरसीए वायरींमध्ये १०के:१०के (दोन्ही बाजूंना १० किलोओहम) ऑडिओ ट्रान्सफॉर्मरची जोडी लावा, सिग्नल जातो पण तारेची थेट जोडणी तुटते.