मदत हवी आहे: बडोद्यात गच्ची छोटी, ४० मीटर बँडसाठी अँटेना कोणती?

मंडळी,

हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आला, जुना एचएफ (शॉर्टवेव्हचा) सेटही मिळाला. घर दांडिया बाजारात. गच्ची सामायिक, तिरकी मोजली तरी जेमतेम १५ मीटर. ७.१ मेगाहर्ट्झला, म्हणजे ४० मीटर बँडवर, हाफवेव्ह डायपोल (मधोमध केबल जोडलेली, अर्ध्या तरंगलांबीची आडवी तार) म्हणजे २० मीटर तार. इथेच घोडं अडलंय.

सध्या गॅलरीच्या कठड्याला दीड मीटरचा कॉइलवाला व्हिप (उभी काठीसारखी अँटेना) लावलाय. सोय म्हणाल तर झकास! झटक्यात लागतो, झटक्यात निघतो, सोसायटीत कुणाची कुरकुर नाही. एसडब्ल्यूआर (सेट आणि अँटेनाचा मेळ दाखवणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.२. पण सकाळी पुण्याची मंडळी खणखणीत ऐकू येतात आणि मी हाक मारली की कुणी दाद देत नाही. सेट ५० वॉट दाखवतो, ते जातात कुठे?

डायपोलची टोकं गच्चीच्या कडेवरून अडीच-अडीच मीटर खाली सोडली तर फार नुकसान होईल का? की कॉइल घालून तारच आखूड करू? मॅग्नेटिक लूप (कपॅसिटरने जुळवायची छोटी गोल अँटेना) गॅलरीत मावेल, पण फ्रिक्वेन्सी जरा हलली की परत कपॅसिटर फिरवा, वर त्याच्यावर हजारो व्होल्ट. घरात लहान पोरं आहेत.

आणि उत्तरायणात, पतंगांच्या दिवसांत, तारेचं काय करता?

प्रतिसाद:

एसडब्ल्यूआरवर जाऊ नका, डमी लोडचाही (काहीच प्रक्षेपित न करता नुसता गरम होणारा रेझिस्टर) १ येतो! एवढ्याशा व्हिपचा रेडिएशन रेझिस्टन्स (ज्यातून खरोखर लहरी बाहेर पडतात तो वाटा) ४० मीटरवर फार तर एखादा ओहम. कॉइल आणि अर्थचा लॉस त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे बहुतेक वॉट तिथेच गरम होऊन संपतात. त्यात पुणे सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर. त्यासाठी सिग्नल जवळपास डोक्यावर जाऊन, आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून खाली यायला हवा, आणि उभा व्हिप नेमका वरच काही फेकत नाही. सहा-सात मीटर उंचीचा डायपोल तेच काम छान करतो.

टोकं बिनधास्त वाकवा. करंट मधल्या भागात जास्त, टोकांना नगण्य, म्हणून फरक किरकोळ पडतो. तार थोडी लांब ठेवून मग छाटत या. कॉइलने लॉस वाढेल, बँडविड्थही (पुन्हा न जुळवता चालणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आक्रसेल. लूपचं तुम्हीच ओळखलंत. डायपोलच्या टोकांना व्होल्टेज चढतं, तेव्हा ती कुणाच्या हाताला लागू देऊ नका.

उत्तरायणासाठी नायलॉन दोरी आणि कप्पी लावा. १४-१५ जानेवारीला तार सरळ उतरवायची, नाहीतर मांजात गुरफटून कोण ओढेल सांगता येत नाही.

एक सांगा, गच्चीच्या कडेखालून विजेच्या तारा जातात का? जात असतील तर टोकं खाली सोडूच नका, कठड्याच्या आतूनच आडवी वळवा.