पेन्सिलीआधी सागरगोटे

चार वर्षांच्या मुलीला बालवाडीत नुसतं खेळवतात, अक्षरं गिरवून घेत नाहीत, ही तुमची तक्रार वाचली. मला तर ती बालवाडी बरी वाटते. या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात. पेन्सिल धरायला आधी खांद्यात, बोटांत बळ हवं, आणि ते चढून, लोंबकळून, माती कालवूनच येतं.

सागरगोटेच घ्या. एक वर उडवायचा, तो झेलायच्या आत खालचे उचलायचे. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक. चाराचे गट कसे पडतात ते पाटीशिवाय कळतं. (तुमच्या लेकीला झेल इतक्यात जमणार नाही, तिला नुसते मोजू द्या, खुळखुळवू द्या.) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पानं हीच त्यांची साधनं होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. तेव्हा शाळेत काही विचारायचंच असेल, तर मुलांना रोज किती वेळ मोकळं सोडता, ते विचारा.