कुत्रं घाबरलं की कापूर जाळा म्हणे!

तुरीच्या शेंगा: गावच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "फटाक्यांना कुत्रं-मांजर घाबरत असेल तर घरात कापूर जाळा, कानामागे लव्हेंडरचं तेल लावा, आणि जवळ घेऊ नका, भित्रं होतं." खाली सगळ्यांचे नुसते हात जोडलेले. डोकं फिरलं म्हणून इथे लिहितेय. कापूर पोटात गेला तर कुत्र्यामांजरांना झटके येतात. तेल लावलं की मांजर ते चाटणारच, आणि माणसाचं लिव्हर जे पचवतं ते मांजराचं पचवू शकत नाही, टी ट्रीचं तेल तर सरळ विषच. आणि जवळ घेऊ नका म्हणे! भीती काय खोड आहे का, लाड केले म्हणून वाढायला? मांडीत डोकं खुपसत असेल तर खुपसू द्या, दिवाणाखाली जाऊन बसलं तर ओढून काढू नका. आम्ही उजेडातच फिरवून आणतो, पोटभर भाकर, मग मधली खोली, खिडकीला गोधडी आणि कूलर फुल. हो, दिवाळीत कूलर, पाणी न घालता. त्या घरघरीत बाहेरचा आवाज निम्मा तरी दबतो. शेजारचे हसतात, हसोत.

वावरातला गडी: ताई हे सारे शहरातले लाड होत. आमचं कुत्रं वावरात रायते, डुकराच्या अंगावर जाते, त्याले कोण गोधडी लावते? माह्या आज्यानं जनमभर कापूर जाळला, एक कुत्रं मेलं नाही.

तुरीच्या शेंगा: आज्याने देवापुढे जाळला असेल, कुत्र्याच्या नाकापुढे नाही. आणि एवढं शूर कुत्रं वीज कडाडली की ट्रॅक्टरखाली काहून घुसते हो?

वावरातला गडी: पाण्यानं भिजू नये म्हणून घुसते.

तुरीच्या शेंगा: अस्सं.

मोर्शीचा संत्रा: दिवाळीचं काय घेऊन बसले, आमच्या इथं रोजच दिवाळी हाये. हरभरा वर आला की रोही म्हंजे नीलगाई आन रानडुकरं, मंग वावर राखणारे जागलीवाले रातभर सुतळी बॉम्ब फोडून रायले. माही कुत्री दिवस मावळला का थरथर कापते, लाळ गाळते, दाराची चौकट खालून अशी कुरतडली का आतलं पांढरं लाकूड दिसून रायलं. सुप्रीम कोर्टानं 2018 मधी दिवाळीत रात्री 8 ते 10 च फटाके म्हटलं, जागलीच्या फटाक्याले टाइमच नाही.

वावरातला गडी: आलं का आता आमच्यावर? तुमची कुत्री झोपावी म्हणून मी हरभरा रोह्याले चारू का? एक कळप शिरला का सकाळी वावर ओळखू येत नाही. मारता येत नाही, 1972 चा वन्यजीव कायदा हाये, परवानगी लागते. पंचनाम्याले आलेला साहेब बांधावरूनच लिहून गेला, जे पैसे आले त्यात बियाण्याची थैलीबी आली नाही. हौसेनं नाही फोडत भाऊ, एका बॉम्बले पैसे लागतात.

मोर्शीचा संत्रा: मंग कुंपणाच्या तारेले हलका शॉक देणारी झटका मशीन लावा ना.

वावरातला गडी: तू घेऊन देतं का? बाजूवाल्यानं लावली, डुक्कर तारेखालून उकरून आत गेलं.

पवनीची पोर: झटका मशीन परवडली, काही लोक तर तारेत सरळ लाईनचा करंट सोडतात. आमचा काळू त्यातच गेला, सकाळी तारेला चिकटलेला सापडला. आणि कोणी सोडला ते अख्ख्या गावाला माहीत आहे, पण तोंड कोणी उघडत नाही, कारण उद्या पाळी आपली.

वावरातला गडी: मी करंट सोडत नाही, माह्यावर कायले ओरडता?

पवनीची पोर: तुमचं नाव घेतलं का मी?

दवाखान्यातला: गुरांच्या दवाखान्यात काम करतो, मधे बोलतो. भांडा, पण मांजराला माणसाची तापाची गोळी देऊ नका. "शांत व्हावी म्हणून अर्धीच दिली" म्हणत आणतात, पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. संत्राभाऊ, आवाजाची सवय सीझनच्या आधी लावावी लागते. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज एकदम बारीक, कुत्री कानही टवकारणार नाही इतका, आणि तेव्हाच तिच्या आवडीचं खायला. हळूहळू वाढवायचा, घाबरली की मागे यायचं. चौकट कुरतडेपर्यंत गेलंय म्हणजे नुसत्या घरच्या उपायाने भागणार नाही, डॉक्टरला दाखवा. 1962 वर फोन केला की फिरता दवाखाना असतो. गाडी कधी येईल ते मला विचारू नका.

वावरातला गडी: मोबाईलवर फटाके ऐकवायचे आन वरून पेढा खाऊ घालायचा, वा रे वा!

मोर्शीचा संत्रा: पेढा तुम्हीच खा, माह्या कुत्रीले भाकर पुरते. करून पाहतो.

वावरातला गडी: बरं, जागलीले जातो तवा कुत्रं घरीच बांधून जाईन. झालं समाधान? हरभऱ्याचं काय करू ते कोणीच सांगितलं नाही पण.

तुरीच्या शेंगा: बांधू नका, खोलीत मोकळं सोडा. घाबरलेलं कुत्रं साखळीला ओढून ओढून गळा सोलून घेतं.

वावरातला गडी: घ्या! ऐकलं तरी चूकच.