रक्तातलं डब्ल्यूटी१ ५० च्या वर गेलंय, आजार उलटतोय असं धरायचं का?

नमस्कार मंडळी. हिमॅटॉलॉजी, पॅथॉलॉजी किंवा मॉलिक्युलर लॅबमधलं कोणी इथे असेल तर कृपया वाचा.

माझा मोठा भाऊ, वय ४६. गेल्या वर्षी एएमएलचं (रक्ताचा एक वेगाने वाढणारा कॅन्सर) निदान झालं. ७+३ ची किमो, मग हाय डोस सायटाराबिन. रेमिशन मिळालं, म्हणजे आजार आटोक्यात आला. सध्या घरी आहे, काउंट चांगले आहेत, कामावर जायचं म्हणून मागे लागलाय. निदानाच्या वेळी कॅरियोटाइप (क्रोमोसोमची तपासणी) नॉर्मल होतं; एनपीएम१, एफएलटी३, सीईबीपीए या जीनपैकी कशातही म्युटेशन निघालं नाही. डॉक्टरांनी इंटरमीजिएट (मध्यम) रिस्क सांगितली.

एनपीएम१ म्युटेशन असतं तर किमान स्पष्ट दिशा तरी मिळाली असती. ब्रिटनमधल्या रुग्णांवरचा २०१६ चा अभ्यास वाचला. दुसऱ्या किमोनंतरही रक्तात एनपीएम१ म्युटेशनचा आरएनए सापडत होता, त्यांच्यात तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ८२ टक्के होतं. सापडत नव्हता त्यांच्यात ३० टक्के. दादाच्या बाबतीत धरायला असं काहीच नाही, म्हणून डब्ल्यूटी१ या जीनचं एक्स्प्रेशन (तो किती चालू आहे ते) मोजतायत. हा जीन निरोगी मॅरोमध्येही (अस्थिमज्जेतही) थोडाफार चालू असतो, त्यामुळे शून्याची अपेक्षाच नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आकडे असे, सगळे दर १०,००० एबीएल (तुलनेसाठी मोजतात तो दुसरा जीन) कॉपींमागे: निदानाच्या वेळी मॅरोत ९,४००, सगळी किमो संपल्यावर मॅरोत १८०, आणि आता रक्तात ६५. मी वाचल्याप्रमाणे नॉर्मलची वरची मर्यादा मॅरोसाठी २५० आणि रक्तासाठी ५० धरतात. म्हणजे १८० ठीक आणि ६५ वाईट? वहिनी म्हणते आकडा तर कमीच झालाय. तिला काय समजावू, मलाच नीट कळलेलं नाही.

शिवाय आधीचे दोन रिपोर्ट एका लॅबचे आणि हा तिसरा दुसऱ्या. सँपल आमच्या गावाहून कुरिअरने मुंबईला गेलं, वाटेत बराच वेळ गेला. आरएनए फार नाजूक असतो म्हणतात. रिपोर्टवर एबीएलच्या एकूण कॉपी किती मिळाल्या ते छापलेलंच नाही. तो आकडा मागवता येतो का? कमी निघाला तर ६५ ला काही अर्थ उरतो का?

दुसरं, किमोनंतरचा मॅरोचा फ्लो एमआरडी (उरलेल्या ल्युकेमिया पेशी शोधायची तपासणी) निगेटिव्ह होता. युरोपियन ल्युकेमियानेट (ईएलएन) या तज्ज्ञ गटाच्या शिफारशींनुसार फ्लोसकट दुसरा कोणताच मार्कर हाताशी नसेल तरच डब्ल्यूटी१ वापरावं, तेही शक्यतो रक्तातलं. मग आता चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं, की लगेच मॅरो काढून फ्लो करायचा? मॅरोचं नाव काढलं की दादा घाबरतो, म्हणून उगाच करायला लावायचं नाहीये.

तिसरी गोष्ट पैशांची. लॅबच्या माणसाने जीन एक्स्प्रेशनचं मोठं पॅनेल सुचवलंय, 'पुढे रिलॅप्स होईल का ते कळेल' म्हणाला. टोरंटोच्या संशोधकांचा १७ जीनचा एलएससी१७ स्कोअर २०१६ मध्ये आला, पण तो निदानाच्या वेळच्या, ल्युकेमियाच्या पेशींनी भरलेल्या सँपलवर काढतात. आता रेमिशनमधलं रक्त देऊन तो स्कोअर कशाचा निघणार? सुरुवातीचा आरएनए लॅबने जपून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हासुद्धा ट्रान्सप्लांटचा निर्णय त्यावर बदलेल का? ईएलएनच्या २०२२ च्या रिस्क वर्गीकरणात क्रोमोसोम आणि म्युटेशन आहेत, असा एक्स्प्रेशन स्कोअर नाही. मला तर हा खर्च वायफळ वाटतो. कोणी केला असेल आणि त्यावरून उपचार खरोखर बदलले असतील तर जरूर सांगा.

ट्रान्सप्लांटबद्दल डॉक्टर 'पुढच्या रिपोर्टनंतर ठरवू' म्हणालेत. माझं एचएलए (ट्रान्सप्लांटसाठी जुळवतात तो टिश्यू टाइप) अर्धंच जुळतं, दुसरं भावंड नाही. हॅप्लो (अर्धं जुळणाऱ्या दात्याकडून ट्रान्सप्लांट) करायची वेळ आली तर रेमिशन टिकून असताना केलेलं बरं, हे कळतं. म्हणूनच ६५ हा आकडा डोक्यातून जात नाही.

पपईच्या पानांचा रस आणि गव्हांकुर नातेवाईकांनी सांगून झालेत, ते कृपया नको. डॉक्टर बदलायचे नाहीत, त्यांच्यावर विश्वास आहे. अपॉइंटमेंट महिनाअखेरीस आहे, तोवर त्यांना नेमकं काय विचारायचं हे समजलं तरी खूप झालं. कोणाला बघायचे असतील तर नाव झाकून तिन्ही रिपोर्टचे फोटो प्रतिसादात टाकते.